नाना पकडतात

नानांना टीव्ही बघताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. नाना टीव्ही पकडतात. बघणं हा त्यांच्या मते नंतरचा, फारसा महत्त्वाचा नसलेला आणि कोणालाही जमणारा भाग आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर घेताना आपली माणसं तीन गोष्टी विचारतात: शाळा कशी आहे, न्यूयॉर्कची गाडी कुठून सुटते आणि देशी दुकानांचा ओक ट्री रोड किती लांब. नानांनी एजंट बाईला विचारलं, "ईशान्य मोकळी आहे का?" तिला भारतीय गिऱ्हाइकांची सवय होती. तिने हसतमुखाने देवघरासाठी कोपरा दाखवला. नानांना देवघर नको होतं, मॅनहॅटन हवं होतं. न्यूयॉर्कची चॅनेलं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग यांच्या टोकांवरून प्रक्षेपित होतात, आणि एडिसनहून ती टोकं पंचवीसेक मैलांवर, ईशान्येला. घरात पाणी गळतं हे नानांना राहायला गेल्यावर कळलं.

या सगळ्याला कारण झालं केबलचं बिल. त्यात 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' अशी एक ओळ होती. नानांनी फोन लावला. पलीकडच्या मुलाने सांगितलं की स्थानिक चॅनेलं दाखवायला आम्हाला त्या केंद्रांना पैसे मोजावे लागतात, ते आम्ही तुमच्याकडून घेतो. नाना म्हणाले, "पण ती हवेत फुकट असतात ना?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "हो सर." त्याच महिन्यात केबल गेली. त्यानंतर दोन अँटेना, अँप्लिफायर, जाड काळी वायर, ती वायर फोडायचे स्प्लिटर, स्प्लिटरमुळे सिग्नल पडला म्हणून आणखी एक अँप्लिफायर आणि त्याने सिग्नल फार वाढला म्हणून तो कमी करणारी एक डबी, एवढं घरात आलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर किती खर्च झाला याचा हिशेब काकूंकडे आहे, पण तो त्या माहेरची माणसं आली तरच बाहेर काढतात.

अँटेना छपरावर चढली आणि सोसायटीचं पत्र आलं: घरांच्या शोभेला बाधा येते, उतरवा. नाना या पत्राची वाटच बघत होते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा १९९६ सालचा नियम त्यांना मारुतिस्तोत्रासारखा पाठ आहे. स्वतःच्या जागेत टीव्हीची अँटेना लावायला सोसायटी मनाई करू शकत नाही. पाइप छपराच्या वर १२ फुटांहून उंच गेला तरच परवान्याचा प्रश्न येऊ शकतो. नानांचा पाइप ११ फूट ११ इंच आहे. सोसायटीच्या अध्यक्षांना ते दर दिवाळीला चकल्या देतात. अध्यक्ष चकल्या घेतात, पण वर बघत नाहीत.

इथवर कोणाचंही झालं असतं. न्यूयॉर्कची २, ४, ५, ७, ९, ११, १३ आली, त्यांच्या पोटातली पॉइंट-दोन, पॉइंट-तीन आली, माणूस सुखी झाला असता. पण एडिसनच्या नैर्ऋत्येला, पंचावन्न-एक मैलांवर, फिलाडेल्फिया आहे. दुसरी अँटेना तिकडे तोंड करून आहे.

मी विचारलं, "नाना, दोन्हीकडे नेटवर्क तीच ना? एबीसी, सीबीएस, एनबीसी?"

"तीच."

"कार्यक्रमही बहुतेक तेच?"

"तेच."

"मग?"

नाना माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, हे फिलाडेल्फियाहून येतंय."

त्यातही फिलाडेल्फियाचं सहा नंबर म्हणजे नानांचा हट्ट. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेने मोठ्या केंद्रांचं जुनं प्रक्षेपण बंद करून सगळं डिजिटल केलं. बरीच केंद्रं वरच्या पट्ट्यात गेली, हे मात्र खालच्या सहा नंबरवरच राहिलं. तिथली लहर लांब, म्हणून अँटेनाची काडीही पावणेदोन मीटर लांब. शिवाय स्वस्त एलईडी दिव्यांतून विजेची जी कुरकुर बाहेर पडते, ती नेमकी याच पट्ट्यात घुसते. त्यामुळे सहाच्या बातम्या रेकॉर्ड होत असताना नानांच्या घरात दिवे लावायचे नाहीत. हिवाळ्यात पाच वाजताच अंधार पडतो. काकू मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटतात. समोरची अमेरिकन शेजारीण एकदा त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली की इतक्या वर्षांनीही तुमचा नवरा रोज कॅंडललाइट डिनर करतो, नशीबवान आहात. काकूंनी तिला खरं सांगितलं नाही.

नाना पुण्याचे. वाड्याच्या पत्र्यावर उभं राहून सिंहगडाच्या दिशेने अँटेना फिरवण्यात त्यांचं बालपण गेलं. खालून "आलं, आलं... गेलं!" अशा आरोळ्या यायच्या. घरातल्या बाकीच्यांनी छायागीत बघितलं, नानांनी ते फक्त ऐकलं, तेही पत्र्यावरून. सवय तिथेच लागली असावी. मात्र डिजिटलवर त्यांचा एक राग आहे. पूर्वी पडद्यावर मुंग्या आल्या तरी मुंग्यांतून माणूस ओळखू यायचा. आता चित्र आलं तर चकचकीत येतं, नाहीतर एकदम चौकोन चौकोन होऊन फुटतं, मधलं काही नाही. उन्हाळ्यात शेजारच्या मेपलची पानं ओली झाली की नऊ नंबर फुटतं. ऑक्टोबरात सगळं एडिसन झाडांचे लाल-पिवळे रंग बघायला गाड्या काढून डोंगरात जातं. नाना खिडकीत उभे राहून ती पानं कधी गळतात याची वाट बघतात.

आता रेकॉर्डर. त्याला चार ट्यूनर आहेत, म्हणजे एका वेळी चार चॅनेलं पकडता येतात, आणि तीन पकडली तर नानांना चौथ्याचं वाईट वाटतं. एचडीचा एक तास पाच-सहा जीबी खातो. डिस्क कायम भरलेली असते. तिच्यात काय आहे? मुख्यतः हवामान. चार केंद्रांचे अंदाज नाना आज रेकॉर्ड करतात आणि उद्या पळवत पळवत तपासतात. (याला ते बघणं म्हणत नाहीत.) "काल सातने पाऊस सांगितला होता, चारने नुसते ढग," असं ते छत्री झटकत सांगतात. मी विचारलं, "मग उद्याचं काय?" तर म्हणाले, "ते परवा कळेल."

हा रेकॉर्डिंगचा पसारा वाढवणं बेकायदा तर नाही ना, अशी शंका काकूंनी एकदा आशेने काढली. नानांनी सर्वोच्च न्यायालय काढलं. सोनीच्या बेटामॅक्सचा खटला, १९८४: घरच्या घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून नंतर बघणं हा गुन्हा नाही. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. "एक न्यायमूर्ती तिकडे गेला असता तर?" नाना शहारून म्हणाले. काकू म्हणाल्या, "तर हॉलमध्ये सोफा मावला असता."

सुपर बोलच्या रात्री नाना आम्हाला बोलावतात. वडे काकूंचे, प्रसारण नानांचं. सामना सुरू झाल्यावर पाऊण तासाने ते लावतात, म्हणजे जाहिराती पळवता येतात. अमेरिकेत माणसं जाहिराती आवडीने बघतात ती हीच एक रात्र. नाना नेमक्या त्याच पळवतात. स्कोअर सगळ्यांच्या फोनवर आधीच आलेला असतो. आम्ही वडे खात चेहरे कोरे ठेवतो आणि पाऊण तास उशिराने ओरडतो.

सध्या नानांना नवी चिंता आहे. टीव्हीचं पुढचं तंत्र येऊ घातलंय, आणि त्यातली बरीच चॅनेलं सांकेतिक कुलूप घालून सोडतात. मान्यताप्राप्त यंत्र असेल तरच ती उघडतात, आणि नानांचं जुनं खोकं त्यात बसत नाही. "हवेला कुलूप!" असं ते भाजीच्या दुकानातही मोठ्याने म्हणतात. आयोगाकडे त्यांनी लांबलचक हरकत पाठवली आहे. या एका बाबतीत मी पूर्णपणे नानांच्या बाजूचा आहे.

इतक्या वर्षांत काकूंनी रेकॉर्डरकडे एकच गोष्ट मागितली. नात शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, आणि थँक्सगिव्हिंगच्या मेसीज परेडसाठी त्यांच्या बँडची निवड झाली. परेड एनबीसीवर असते. नानांनी आठवडाभर आधीच न्यूयॉर्कचं चार लावून ठेवलं, दगा नको म्हणून फिलाडेल्फियाचं दहाही लावलं. पानं गळून गेली होती. सिग्नल, नाना म्हणाले, उभ्या जन्मात असा आला नव्हता.

संध्याकाळी आम्ही सगळे जमलो. प्रचंड फुगे गेले, नाचणाऱ्या मुली गेल्या, मग निळ्या-पांढऱ्या पोशाखातला बँड आला. उंच टोपीखाली पाच सेकंद नात दिसली, कॅमेऱ्याकडे बघून किंचित हसलीही, आणि जाहिरात लागली. काकूंनी डोळे पुसले. नानांनी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा मागे घेतलं. चौथ्या वेळी तर पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले आणि चित्र थांबवून बघत राहिले. नाना खरोखरच टीव्ही बघत होते. आम्ही कोणी काही बोललो नाही.

"बघितलंत?" काकू हळूच म्हणाल्या. "अगदी तुमच्यासारखी हसते."

"एक चौकोन नाही," नाना म्हणाले. "थांब, आता फिलाडेल्फियाहून बघू."