बहिऱ्या संख्येची करणी

ताईचा फोन रात्री साडेनऊनंतर आला की समजावं, कुणीतरी आजारी आहे किंवा कुणाचंतरी लग्न ठरलंय. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "अरे, पोरगी तासभर रडतेय. सर्ड काही केल्या जात नाहीये."

"खिडकी उघड आणि लांबून झाडू आपट," मी म्हणालो. "सरडा बिचारा आपणहून जातो."

पलीकडे शांतता पसरली. मग भाचीचा रडवेला आवाज आला, "मामा, सरडा नाही, सर्ड! मॅथ्समधला. उद्या टेस्ट आहे."

भाची नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. मी म्हटलं, "हात्तिच्या! म्हणजे करणी."

"करणी म्हणजे ब्लॅक मॅजिक ना?"

आता हिला काय सांगणार? आमच्या घरात या गणिती शब्दाने एकदा रामायण घडवलेलं आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर होती आणि मी माजघरात येरझारा घालत घोकत होतो, "छेदात करणी असेल तर ती आधी काढावी." आजी लसूण सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

"कुणी केली रे?"

"पुस्तकातच आहे, आजी."

"कितीची आहे?"

पुढचीच व्याख्या करणीच्या कोटीची होती. घनमूळ असेल तर कोटी तीन. मी निरागसपणे म्हणालो, "हिची कोटी तीन आहे." आजीने तीन कोटी ऐकले आणि कपाळाला हात लावला. घरची सगळी जमीन विकली असती तरी तेवढे आले नसते. त्यावर मी आणखी वाचलं, "फक्त सजातीय करणींचीच बेरीज होते."

"सजातीयच असणार," आजी म्हणाली, "भाऊबंदांशिवाय कोण करतंय!"

संध्याकाळी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. अशा तडतडल्या, की आजीला तीन कोटींची खात्रीच पटली. गणितात मला 41 मार्क पडले. आजी त्याचं श्रेय शेवटपर्यंत मोहऱ्यांना देत राहिली आणि मलाही दुसरं कारण सापडलेलं नाही.

तर भाचीला सांगितलं: चारचं वर्गमूळ दोन, तिथे करणी नाही. दोनचं वर्गमूळ मात्र 1.41421356 असं जे सुटतं ते थांबत नाही, आकड्यांचा एखादा गट घेऊन घोळवतही नाही आणि कुठल्याच अपूर्णांकात मावत नाही. धन परिमेय संख्येचं असं न सुटणारं मूळ म्हणजे सर्ड. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, याला कुंपणच नाही.

"मग पाय पण सर्ड?"

"नाही. पायही असाच पळतो, पण तो कुठल्याही अपूर्णांकाचं मूळ नाही. त्याला या भावकीत घेत नाहीत."

"पण सर्ड म्हणजे काय? शब्दाचा अर्थ काय?"

शब्दाचा अर्थ आहे बहिरा. ग्रीकांनी अशा राशींना 'अलोगोस' म्हटलं. ग्रीकमध्ये लोगोस म्हणजे गुणोत्तर आणि लोगोस म्हणजे शब्दही. त्यांना म्हणायचं होतं, जिला गुणोत्तर नाही ती. पण त्याच शब्दातून जिला वाचा नाही तीही ऐकू येते. अरबी पंडितांनी तिला 'असम्म' केलं, म्हणजे बहिरी. पुढे लॅटिनमध्ये तिची 'सुर्दुस' झाली आणि तिथून इंग्रजांची सर्ड. गुणोत्तर नसलेली बिचारी संख्या तीन भाषांतरांत मुकी आणि बहिरी होऊन बसली. आमच्या गावात एखादी बातमी पारावरून वेशीपर्यंत पोचताना एवढंच होतं. ॲब्सर्ड हा शब्दही याच सुर्दुसच्या घरातला. भाचीला तो नातेसंबंध ताबडतोब पटला.

अमेरिकेत सर्डला फारसं कुणी ओळखत नाही. तिथे वर्गात रॅडिकल म्हणतात. रॅडिकल आला रॅडिक्सवरून, म्हणजे मुळावरून, आणि रॅडिश, म्हणजे आपला मुळा, तोही तिथूनच. मूळ आणि मुळा ही जोडी दोन्हीकडे शाबूत आहे, हे मला कोशिंबीर खाताना नेहमी आठवतं.

खरं तर आमची करणी सर्डपेक्षा खानदानी. शुल्बसूत्रांत करणी म्हणजे चौरस 'करणारी' दोरी. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी ती द्विकरणी, म्हणजे दोनचं वर्गमूळ. यज्ञवेदीच्या विटा मांडण्यासाठी बौधायनाने तिची किंमत जी दिली, ती 577 भागिले 408 इतकी येते. दशांशचिन्हापुढचे पाच आकडे बिनचूक. आजही गवंडी जिने गिलावा करतो ती करणीच. इतका कष्टाळू शब्द, आणि लोकांना आठवतात लिंबू, टाचण्या आणि काळी बाहुली.

"मामा, ते सगळं ठीक आहे. छेदातला सर्ड घालवू कसा?"

"एक भागिले वर्गमूळ दोन आहे ना? वर आणि खाली वर्गमूळ दोनने गुण. खाली दोन उरेल."

"पण मग सर्ड वर आला!"

"येणारच. करणी नाहीशी होत नसते गं, ती उलटवायची असते. खालच्या मजल्यावरची वरच्यांकडे गेली की आपलं काम झालं."

हे तिला इतकं आवडलं की तिने पटापट सहा गणितं सोडवली. सातव्यात छेदात दोन पदं निघाली, एक साधं आणि एक करणीचं. मी अनुबद्ध जोडी समजावत असताना मागून तडतड असा आवाज आला.

"ताई, काय चाललंय?"

"काही नाही रे," ताई म्हणाली, "फोडणी."

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते.