शेरेबाबू

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कचेऱ्यांत साहेब बदलतात, शेरेबाबू टिकतो. नस्तीचे दोन भाग, टिप्पणी आणि पत्रव्यवहार. याचा जीव पहिल्यात. पेनाचे टोपण दातांत धरून तो आधी समास न्याहाळतो, मजकूर नंतर, वेळ उरलाच तर. ‘पताका अ पाहावी’ असे लिहितो; पताका अ वर ‘पताका ब पाहावी’ असते आणि पताका ब पुन्हा टिप्पणीकडे धाडते. मराठीने टीप द्यायला सांगितली, टिपण ठेवायला सांगितले, शेरा मात्र मारायला सांगितला. बाबूने भाषेची आज्ञा तंतोतंत पाळली. टीप वाचणाऱ्याची अडचण सोडवते. याचा शेरा लिहिणाऱ्याला अडचणीतून सोडवतो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

यात अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी झुडपी जंगलाकडे पाहावे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, पिकाला निरुपयोगी, काट्याकुट्यांच्या, गुरे चारायच्या जमिनीपुढे जुन्या महसूल दप्तरात हे दोन शब्द पडले. लिहिणाऱ्याने दिसले ते लिहिले. पुढे 1980 चा वनसंवर्धन कायदा आला, 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ‘झुडपी’ गळून नुसते ‘जंगल’ उरले. तोवर त्यावर घरे, शाळा, स्मशाने उभी होती. सरकारी कचेऱ्यासुद्धा, म्हणजे काही बाबू स्वतःच शेऱ्यावर बसलेले! अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: जमीन वनच, पण 12 डिसेंबर 1996 पूर्वीची वाटपे नियमित करण्याची वाट मोकळी. दोन शब्दांच्या खुलाशाला इतकी वर्षे.

यावर बाबूचे म्हणणे असे की, “शेरा नसता तर हे जंगल केव्हाच विकून खाल्ले असते.” खोटे नाही. लेखी हरकत अनेकदा जंगलाच्या कामी आली आहे. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे काय? 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूचे वाहतूक परवाने गावाच्या हाती यायला 2011 उजाडले. 1927 चा वन कायदा बांबूला झाडांत मोजत होता, 2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र त्याला गौण वनोपज ठरवले होते. म्हणजे तिढा सोडवणारी व्याख्या कायद्यातच लिहिलेली होती. ती शेऱ्यात उतरत नव्हती. वनहक्काच्या नियमांत गावातल्या जाणत्यांचे लिहून घेतलेले सांगणेही पुरावा धरले आहे, पण बाबूचा हात ‘पुरावा अपुरा’ या ठरलेल्या वळणावरच जातो. अपुरा कशाने, हे लिहायला शाई संपते.

तेव्हा वनहक्काचा दावा परत आला तर तोंडी ‘भाऊ, त्रुटी आहे’ ऐकून घरी जाऊ नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर नकाराची कारणे लेखी नोंदवणे उपविभागीय आणि जिल्हा समित्यांवर बंधनकारक आहे. ती मागून घ्या. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस मिळतात.