पट मांडावा की काठवट?

पाहुण्यांना रात्री घरी बोलावून पट मांडणे आणि स्वतः रांधून त्यांना जेवू घालणे, हे दोन छंद शहरी तरुणांनी अलीकडेच एकत्र आणले असा समज रूढ असला, तरी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. 1130 च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ चाळल्यावर या समजाला फारसा आधार उरत नाही. राजाने काय जाणावे, काय भोगावे आणि कशात रमावे, हे शंभर अध्यायांत सांगणारा हा कोशवजा ग्रंथ आहे. त्याच्या पाच ‘विंशतीं’पैकी, म्हणजे वीस-वीस अध्यायांच्या भागांपैकी, एकीत अन्नभोगाचे वर्णन येते, तर दुसरीत फाशांचे व कवड्यांचे खेळ येतात. मांडे-वड्यांच्या पंक्तीला राजाने शेतातला उंदीर कसा भाजावा हेही सांगितले आहे; तो पटावर हरलेल्या पाहुण्यास वाढावा की जिंकलेल्या, एवढे मात्र सांगायचे राहून गेले.

एके काळी याच राज्याच्या मुलखात मोडणाऱ्या तुळजापूर तालुक्यात तर खुद्द देवीच खेळायला येत असे. तुळजाभवानीच्या मंदिरामागील भारतीबुवांच्या मठाचे मूळपुरुष रणछोड भारती यांच्याबरोबर देवी सारीपाट खेळे, अशी परंपरा आहे. सारीपाट म्हणजे अधिकाच्या चिन्हासारखा चार पट्ट्यांचा कापडी पट. प्रत्येक पट्टीत चोवीस घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि लांबट फासे, ज्यांच्या चार बाजूंना बहुधा 1, 2, 5 आणि 6 ठिपके असतात. फाशांऐवजी कवड्या घेतल्या की तोच खेळ पचिशी होतो. (तुळजापूरच्या कवडीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते अर्थात देवीच्या माळेच्या पुण्याईने, पटाकडे कोणाचे लक्ष गेले नाही.) बुवा देवीला जेवायला काय वाढत, याविषयी परंपरा मौन पाळते, आणि देवीने सोंगटी मारल्यावर दाद कोणाकडे मागावी, याविषयीही.

कोजागरी ही या दोन्ही छंदांची शास्त्रोक्त रात्र होय. आश्विन पौर्णिमेला लक्ष्मी कोण जागे आहे हे पाहत फिरते आणि फासे खेळत जागणाऱ्यास संपत्ती देते, अशी या व्रतामागील कल्पना असून, त्यासाठी सांगितलेला आहार पोहे आणि नारळाचे पाणी असा आहे. यजमानाला पटावरून उठावेच लागू नये, ही त्यातील दूरदृष्टी अद्याप कोणी पुरेशी वाखाणलेली नाही. पुढे आटीव दुधाची चाल पडली आणि तेथेच घोटाळा झाला, कारण यजमानाचे दान येईपर्यंत दूध अतिशय शहाण्यासारखे वागते.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीत मात्र या रात्री पट मांडण्याची सोय नसते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा घेणारी तुळजाभवानी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते आणि तिच्या दर्शनासाठी सोलापूरकडून निघालेले लाखो भाविक रातोरात याच रस्त्याने चालत जातात. वाटेवर त्यांच्यासाठी चहा, पाणी आणि फराळ मांडलेला असतो, त्यामुळे यजमानपण एका घरापुरते उरत नाही, आणि लक्ष्मी या बाजूने आलीच, तर तिला जागे कोण आहे याऐवजी झोपले कोण आहे, हेच विचारावे लागेल.

एरवीच्या रात्री खेळ आणि रांधणे एकत्र करू पाहणाऱ्या नवशिक्याची खरी परीक्षा ज्वारीची भाकरी घेते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले, तरी भाकरी पुस्तकातून काठवटीत उतरत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारा चिवट प्रथिनांचा धागा, ज्याला ग्लुटेन म्हणतात, तो ज्वारीत नसल्याने पीठ कढत पाण्यात मळावे लागते, थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवून ते पाणी पुरते सुकण्याआधी भाकरी उलटावी लागते आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरून “अहो, टाका की दान, किती वेळ!” अशी हाक येते. पिठाच्या हाताने फासे टाकावेत, तर ठिपक्यांच्या खोबणीत पीठ बसून सहाचे पाच होतात, आणि भाकरी करपण्याच्या वासातच पाचावर तंटा सुरू होतो.

हा तंटा टाळण्याचे दोन उपाय संभवतात. इंग्लंडमध्ये 1896 साली पेटंट मिळवलेला लुडो पचिशीतूनच निघाला आणि 2016 मध्ये नवी मुंबईच्या कंपनीने तो ‘लुडो किंग’ या नावाने फोनवर आणला; त्यात पीठ लागत नाही, परंतु यजमानच नसल्याने जेवणही मिळत नाही. दुसरा उपाय सोलापूर-धाराशिवकडच्या घरांत पूर्वीपासून आहे: पापडासारखी पातळ, आधीच भाजून वाळवलेली आणि पुष्कळ दिवस टिकणारी कडक भाकरी व तिच्यासोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. हे अन्न पटावर सांडत नाही, गार झाल्याने बिघडत नाही आणि यजमानाला चुलीकडे बोलावत नाही. तेव्हा पटाच्या रात्री कडक भाकरीच वाढावी, आणि ज्या पाहुण्याला आमटीशिवाय घास उतरत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बोलवावे.