मुकादम वेळेवर येतो

आदिवासी विकासातून रोजगार निर्माण होत नाही, असे कोण म्हणतो? भरपूर होतो. अधिकाऱ्यांना होतो, ठेकेदारांना होतो, पुरवठादारांना होतो. समित्यांवरच्या मंडळींना तर निवृत्तीनंतरही होतो.

राहता राहिला आदिवासी.

समित्यांचेच बघा. २००४ ते २००९ या काळात आदिवासींसाठी म्हणून इंजिनांपासून पाइपांपर्यंत जी खरेदी झाली, तिच्या चौकशीला निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती बसली. २०१७ मध्ये अहवाल आला. मग त्या अहवालाचे काय करायचे हे सांगायला करंदीकर समिती बसली. कुणाच्या विहिरीवर कुठले इंजिन चालले ते सोडा. समित्यांचे मात्र एकदाही बंद पडले नाही.

नोकऱ्यांची गोष्ट त्याहून गमतीची. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जातीचा दावा अवैध ठरला तर त्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही. राज्यात आदिवासींसाठी राखीव अशा साडेबारा हजार जागांचा हिशेब निघाला. सरकारने काय केले? डिसेंबर २०१९ मध्ये या मंडळींना ‘अधिसंख्य’ पदांवर नेऊन बसवले. अकरा महिन्यांसाठी. घरभाड्याचा करारही अकरा महिन्यांचाच असतो, आणि भाडेकरूही असाच हलत नाही.

नोकरी अवैध, पगार वैध!

आणि ज्यांचे दाखले खरे, त्यांचे काय? पेसा कायद्याखाली राज्यातल्या तेरा जिल्ह्यांतला आदिवासी भाग येतो. त्यांत आपले जळगाव आणि धुळेही आहेत. तिथली भरती न्यायालयात अडकली, तेव्हा निवड झालेल्या पोरांना २०२४ मध्ये मानधनावर घेण्याचा तोडगा निघाला. पुढच्याच वर्षी आश्रमशाळांतली १,७९१ पदे बाह्यस्रोतातून भरायचे ठरले आणि नाशिकला बिऱ्हाड आंदोलन पेटले. म्हणजे पोरे निवासी आणि मास्तर कंत्राटी.

पैसा नाही म्हणता? होता की. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये ‘लाडक्या बहिणी’कडे वळवले. आदिवासी बहिणीलाही त्यातून मिळतातच, असे उत्तर तयार असते. खरे आहे. पैसे तिचेच, फोटो मात्र भावांचे.

आता सातपुड्यात चला. पाऊस सरतो, कणगी रिकामी होते, दिवाळी तोंडावर येते. अशा वेळी यावल-चोपड्याच्या पाड्यांवर कोण पोचतो? प्रकल्प अधिकारी? छे. ऊसतोडीचा मुकादम. तो अर्ज मागत नाही, दाखला मागत नाही, आधार लिंक आहे का विचारत नाही. उचल मोजून हातावर ठेवतो आणि टोळी कारखान्याकडे रवाना होते.

मुकादम काही संत नव्हे. त्याची उचल फेडता फेडता कोयत्याची धार आणि पोरांची शाळा दोन्ही जातात. पण त्याला एक गोष्ट कळते, जी मंत्रालयाला कळत नाही. भुकेला तारीख असते.

सरकारचे काय? मनरेगाच्या कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यायची होती. उशीर झाला तर भरपाई होती, थकलेल्या रकमेवर दिवसाला ०.०५ टक्के. २०२५-२६ ची महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये. म्हणजे एका दिवसाची मजुरी थकली तर रोजची भरपाई सुमारे साडेपंधरा पैसे. हे पैसे सुटे कुठून आणायचे, एवढे मात्र कायद्यात नव्हते.

डिसेंबर २०२५ मध्ये कायद्याचे नाव बदलले. शंभर दिवसांचे सव्वाशे झाले. दिवस वाढवणे सोपे असते हो, पैसे वेळेवर पाठवणे अवघड!

खरेच अवघड? नशिराबादच्या टोलनाक्यावर उभे राहा. काचेवरचा फास्टॅग दिसला न दिसला तोच खात्यातून पैसे वळते. सही नाही, मस्टर नाही, ग्रामसेवकाची रजा नाही. तंत्रज्ञान आहे, वेगही आहे. फक्त रस्ता एकेरी आहे.

खावटीचेही तेच. लॉकडाउनमध्ये चुली विझल्या, म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये कुटुंबामागे चार हजारांचे अनुदान मंजूर झाले. दोन हजार रोख, दोन हजारांचा किराणा. वाटप २०२१ उजाडल्यावर. किराण्याच्या यादीत गरम मसालासुद्धा होता. भूक थंड झाल्यावर उपयोगी पडतो म्हणे.

वेळेवर पैसे मिळतच नाहीत, असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये किनगावजवळ पपईचा ट्रक मध्यरात्री उलटला. रावेर भागातले पंधरावर मजूर मालाखाली गेले. त्यांत आदिवासी तडवीही होते. मदतीच्या रकमा लगोलग जाहीर झाल्या. जिवंतपणी मजुरी, मेल्यावर मदत. यातले काय आधी येते, ते तुम्हीच सांगा.

आधी काम आणि पगार द्यावा लागतो, हे इंग्रजांना लवकर उमगले होते. त्यांच्या आधीच्या काळात भिल्लांच्या धाडींनी नशिराबाद हैराण झाल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. १८२५ मध्ये औट्रम नावाच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, ठाणे धरणगावला. गणवेश दिला, पगार दिला. हेतू उदात्त वगैरे अजिबात नव्हता. भिल्लांकडूनच भिल्ल पकडायचे होते. पण साहेबाने गरजेपोटी का होईना, भिल्लाला नोकरीवर घेतले. आम्ही प्रेमापोटी त्याला लाभार्थी केले.

लाभार्थ्याला पगार नसतो. त्याला फक्त यादी असते.

तेव्हा आदिवासी विकास विभागाला एकच सूचना. आणखी समिती नको, नवे नावही नको. दसऱ्याच्या आत पाड्यावर जा, चार महिन्यांच्या कामाची हमी द्या आणि पंधरा दिवसांची मजुरी आगाऊ हातावर ठेवा. कोयता आपोआप खुंटीला लागेल.

जमत नसेल तर मुकादमालाच विभागात घ्या. बाह्यस्रोतातून घ्यायलाही हरकत नाही. इतकी वर्षे तुमचे काम तोच तर बाहेरून करतो आहे.