पाहुण्याला पीयूसी विचारू नये

उरणमध्ये स्कूटरची पीयूसी संपली की दंड होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण तिथल्याच न्हावा शेवाच्या धक्क्याला लागलेले जहाज म्हणजे परदेशी पाहुणा. त्याचा धूर काढायचा नसतो.

आपल्या पंपावरच्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात. जहाजाच्या इंधनात ५,०००. पाचशे पट! आणि ही सुधारणा, बरं का. २०२० च्या आधी ३५,००० चालत. एवढेही झेपत नसेल, तर स्क्रबर बसवा, जुनेच जाड तेल जाळा, धूर समुद्राच्या पाण्याने धुवा आणि ते धुवण समुद्रातच ओता. हवा स्वच्छ! माशांनी तक्रार केल्याची नोंद नाही. सिंगापूरने २०२० पासून आपल्या बंदरात हे ओतणे बंद केले. जरा तुसडेच लोक.

धक्क्यावर उभ्या जहाजालाही दिव्यांसाठी, पंपांसाठी वीज लागते, म्हणून इंजिने धडधडत राहतात. वास्तविक ही वीज किनाऱ्यावरून केबलने देता येते. आपल्याकडे २०२३ साली ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांतही ती आहे. मार्गदर्शनात आपण कधीच मागे नसतो. बाहेर रांगेत इंजिन चालू ठेवून ताटकळणारे ट्रेलरवालेही मार्गदर्शनाचीच वाट पाहत असावेत.

लॉस एंजेलिसच्या बंदरात कंटेनर जहाजांना अशी वीज २००४ पासून मिळते. कॅलिफोर्नियाने २०१४ पासून तिची सक्ती केली. तिथे मार्गदर्शन नाही, दंड आहे.