चाळीतला कांदा विकून सुखी होण्याची रीत

देवळा तालुक्यात सुख क्विंटलवर मोजले जाते. इतरत्र त्यासाठी पगार, फ्लॅटचे चौरस फूट, मुलांची टक्केवारी अशी मापे चालतात; इथल्या उमराण्याच्या बाजारात भाव पुरतो, आणि तो रोज दुपारी मोबाईलवर येतो. येतात ते खरे तर तीन भाव : कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. पहिला नेहमी दुसऱ्याच कुणाच्या मालाला मिळालेला असतो, तिसरा आपल्याला मिळतो आणि लक्षात राहतो तो दुसरा. कांदा साठवून सुखी होऊ इच्छिणाऱ्याने या तिघांचे नाते आधी समजून घ्यावे. ज्याला ते समजले त्याला पुढची रीत वाचायची गरज नाही. पण असा माणूस या पट्ट्यात अजून आढळलेला नाही.

साठवणीला लायक तो उन्हाळ कांदा : डिसेंबर-जानेवारीत लावलेला आणि मार्चअखेरपासून मेपर्यंत निघालेला. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा टिकत नाही, काढला की बाजारात न्यावा लागतो. त्यामुळे त्याच्या मालकाला भावाचे दुःख असते, निर्णयाचे नसते. उन्हाळ कांदा पाच-सहा महिने दम धरतो आणि मालकाला कधी विकायचे याचे स्वातंत्र्य देतो. पुढची बहुतेक सगळी दुःखे त्या स्वातंत्र्यातूनच निघतात.

चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, भरण्याची कृती सर्वमान्य आहे. कांदा पातीसकट शेतात सुकू द्यावा, मान पिळली गेली की दोन-तीन सेंटिमीटर नाळ ठेवून पात कापावी, काही दिवस सावलीत ठेवावा. डेंगळे आलेला, जोड, जाड मानेचा आणि चिरलेला माल बाजूला काढावा. चाळ जमिनीपासून उचललेली, खालून हवा खेळणारी असावी आणि ढीग पाच फुटांच्या वर जाऊ नये. इथपर्यंत कृषी खात्याची पत्रके आणि शेतकरी यांच्यात मतभेद नाही. तो सुरू होतो जोड कांद्याच्या शेवटच्या चार पाट्यांपाशी. बाहेर टाकायला जीव होत नाही, गोल्टीबरोबर, म्हणजे बारीक कांद्याबरोबर, विकायला लाज वाटते. मग त्या हळूच आत जातात. ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य चाळ भरताना जितक्या वेळा म्हटले जाते, तितका वास ऑगस्टमध्ये येतो.

पाणी उडून, सडून आणि कोंब फुटून पाच-सहा महिन्यांत ३० ते ४० टक्के घट सर्वसाधारण धरली जाते. हिशेब अवघड नाही. मेमध्ये १०० क्विंटल हजाराने दिले असते तर एक लाख रुपये आले असते. घट ३५ टक्के धरली, तर ऑक्टोबरात उरलेल्या ६५ क्विंटलचे पंधराशेने साडेसत्त्याण्णव हजार होतात. पाच महिने राखण केली, पावसाच्या प्रत्येक सरीला चाळीवरचा कागद सावरला, दर आठवड्याला सडका माल वेचला, आणि हातात अडीच हजार कमी आले. तरीही दीडपट भाव घेणारा माणूस पारावर ताठ बसतो, आणि मेमध्ये विकून मोकळा झालेला खाली बघतो. याचे कारण एवढेच की गावात भाव सांगायची पद्धत आहे, वजन सांगायची नाही.

आता मुख्य प्रश्न : विकावा कधी? भाव चढत असेल तर ‘अजून चढेल’ म्हणून थांबावे. उतरत असेल तर ‘आता कशाला, परत येईल’ म्हणून थांबावे. स्थिर असेल तर ‘बघू’ म्हणून थांबावे. बाजाराच्या तिन्ही अवस्थांत उत्तर एकच निघत असल्याने कांदा सहसा चौथ्या कारणाने विकला जातो. लेकीचे लग्न, सोसायटीची नोटीस, किंवा चाळीखालून वाहू लागलेले पाणी. थांबण्याच्या काळात सल्ला घेण्याची प्रथा आहे. ज्याचा कांदा विकून झाला तो ‘काढून टाक’ म्हणतो, कारण मागे राहिलेल्याला जास्त मिळालेले त्याला झोपू देणार नाही. ज्याचा शिल्लक आहे तो ‘थांब’ म्हणतो, कारण बुडायचेच तर सोबत असलेली बरी. दोघेही मनापासून बोलतात. व्यापाऱ्याचा सल्ला मागावा लागत नाही.

या विचारविनिमयात दिल्लीही भाग घेते. १९८० ची लोकसभा निवडणूक आणि १९९८ ची दिल्ली विधानसभेची निवडणूक, दोन्हींत कांद्याच्या महागाईने राजकारण तापले, तेव्हापासून सरकारे कांद्याकडे खाणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहतात. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी झाली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा झाली. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून बंदीच आली. ती ४ मे २०२४ ला उठली तेव्हा प्रतिटन ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि शुल्क मागे उरले. शुल्क पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. तारखा नीट पाहिल्या तर त्यांचे वेळापत्रक दिसते. निर्बंध लागतात ते चाळी रिकाम्या होत असताना किंवा नवा लाल कांदा बाजारात येताना. उठतात ते उन्हाळ कांद्याचे ढीग शेतात पडलेले असताना. म्हणून ‘आणखी पंधरा दिवस थांबू’ असे मनाशी पक्के झाले, की अधिसूचना टाईप होत आहे असे समजायला हरकत नाही.

विक्रीच्या दिवशी ट्रॅक्टर पहाटे रांगेत लावावा. ट्रॉली भरताना निवडक माल वर आणि बाकीचा खाली ठेवण्याची रीत जुनी आहे, ती सगळ्यांना माहीत आहे, आणि लिलावात हात घालून पाहणाऱ्या व्यापाऱ्याला तर सर्वात जास्त. तो वरच्या थराचा भाव पुकारतो, खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खालचा थर बघून वांधा काढतो आणि पन्नास रुपये तोडायला सांगतो. शेतकरी संतापतो. हा संतापही वरच्या थरासारखाच आधी तयार करून आणलेला असतो; मध्यस्थ येतात, वीस-पंचवीसवर मिटते आणि दोघांनाही आपण फार फसलो नाही असे वाटते. जगातले पुष्कळ संसार याच तत्त्वावर चाललेले आहेत.

विक्रीची पट्टी हातात पडल्यापासून ‘काय भाव गेला?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते, आणि रीतीचा सर्वात नाजूक भाग हा आहे. विचारणारा कोण, त्यावर उत्तर ठरते. साडू असेल तर शंभर चढवून सांगावे. उसनवारीवाला असेल तर दोनशे उतरवावे. शेजाऱ्याला आधी त्याचा विचारावा. चार ट्रॉल्यांपैकी एक अठराशेला आणि तीन पंधराशेला गेल्या असतील, तर ‘अठराशेला गेला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते. घरी मात्र पट्टीतलाच आकडा सांगावा. पट्टीचा फोटो घरी आधीच पोहोचलेला असतो. काही हंगामांत हा प्रश्न कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले; फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्याच्या हाती खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश आला. तिथे कोणतीही मार्गदर्शिका गप्प बसते.

बरा भाव मिळालेल्याचे सुख किती टिकते, हे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर कधी परततो यावर अवलंबून असते. स्वतःचा अठराशेला आणि शेजाऱ्याचा सतराशेला गेला तर दिवस सोन्याचा. त्याचा साडेअठराशेला गेला तर त्याच पैशाला घरी चव राहत नाही. व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची चित्रफीत तपासून १९९५ मध्ये दाखवून दिले की रौप्यपदकवाल्यापेक्षा कांस्यपदकवाला जास्त खूश दिसतो. एकाला हुकलेले सोने दिसते, दुसऱ्याला मिळालेले पदक. उमराण्यात ही तपासणी रोज होते, फक्त कुणी छापत नाही. यावर उपाय म्हणून विक्रीनंतर पंधरा दिवस भावाचे मेसेज उघडू नयेत असे सांगितले जाते. हा उपाय पाळल्याचे उदाहरण उपलब्ध नाही.

एक माणूस मात्र या सगळ्यातून सुटतो. तो चाळीचे चार वाटे करतो. एक मेअखेर काढतो, एक जुलैत, एक पोळ्याच्या आसपास, उरलेला नवरात्रानंतर. सर्वात वरचा भाव त्याला पूर्ण मालाला कधी लागत नाही आणि सर्वात खालचाही नाही. दहा वर्षांच्या हिशेबात त्याचे बरे चाललेले असते, आणि गावाला त्याच्याबद्दल बोलायला काही नसते. ‘काय नेमकं हेरलं गड्यानं’ असे म्हणता येत नाही, ‘पार वाटोळं झालं’ असेही नाही. पारावर त्याचे नाव निघालेच तर बेत नसलेला माणूस म्हणून निघते. मुलीला स्थळ बघताना मात्र त्याचे घर आधी आठवते.

चाळ रिकामी झाली की उळे, म्हणजे रोपासाठीचे बी, टाकायची वेळ येते. एकराला तीन-चार किलो बी लागते. किती एकरांचे टाकायचे हे गेल्या हंगामाच्या भावावरून ठरवण्याची पद्धत आहे. भाव तेजीत गेला असेल तर सगळे जास्त टाकतात, त्यामुळे पुढे मंदी येते. मंदीत सगळे कमी टाकतात, मग तेजी येते. निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये या फेऱ्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले. फेरा ओळखून उलटे वागावे, तेजीनंतर कमी आणि मंदीनंतर जास्त लावावे, हे तालुक्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो. स्वतः मात्र थोडे जास्तच टाकतो, पावसाने रोप मेले तर असावे म्हणून. रोप मेले नाही, तर उरलेले वाफे शेजाऱ्याला विकता येतात, आणि त्याने काय भाव दिला हे संध्याकाळपर्यंत गावात कळते.