चपला बाहेर काढाव्यात

मधुमेहींचे पाय तपासताना डॉक्टरांत एकवाक्यता नसते, ही तक्रार उपनगरांपुरती तरी निराधार आहे. कारण अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, दवाखान्याच्या दारावर 'चपला-बूट बाहेर काढावेत' ही पाटी असतेच आणि तिच्या अंमलबजावणीबाबत डॉक्टरांपासून कंपाउंडरपर्यंत कोणाचाही मतभेद नसतो.

मतभेद उद्भवतात ते पाऊल पाहिल्यास. मोनोफिलामेंट, म्हणजे वाकेपर्यंत टेकवला असता त्वचेवर १० ग्रॅम भार देणारा नायलॉनचा धागा, एक जण घट्टा पडलेल्या जाड कातडीवर टेकवतो, दुसरा घट्टा टाळतो, तर तिसरा रुग्णाला डोळे मिटायलाच सांगत नाही, त्यामुळे रुग्ण धाग्याकडे पाहून 'लागतंय' असे प्रामाणिकपणे सांगतो. पावलाच्या पाठीवरची नाडी एकाला लागते, दुसऱ्याला लागत नाही आणि तिसऱ्याला लागते ती स्वतःच्या बोटाची असते. जखमेच्या खोलीनुसार ० ते ५ अशी प्रतवारी करताना घाटकोपरला १ ठरलेली जखम मुलुंडला २ ठरते. दरम्यान ती धीम्या लोकलने पाच स्टेशने पुढे गेलेली असते, एवढेच.

दोन तपासनिसांच्या सहमतीतून योगायोगाचा वाटा वजा करणारा 'काप्पा' हा गुणांक संख्याशास्त्रात वापरतात. पूर्ण सहमतीला १, निव्वळ योगायोगाला ०. मात्र दोघांनीही प्रत्येक केसपेपरवर न पाहताच 'पाय नॉर्मल' असे लिहिले, तर अंश आणि छेद दोन्ही शून्य होऊन काप्पा काढताच येत नाही, आणि एकवाक्यतेची ही उंची गाठायला टेबलाखाली वाकावेही लागत नाही.

पाऊल तर पाटीच्या कृपेने उघडेच आत आलेले असते! संवेदना गेलेल्या मधुमेह्याने घरातही अनवाणी चालू नये, असा सल्ला देणारे रंगीत पत्रक ज्या भिंतीवर डकवलेले असते, तिच्याचखाली त्याला जुलैच्या ओल्या पॅसेजमधून अनवाणी चालवले जाते, टाचणी रुतली तरी त्याला कळणार नाही हे ठाऊक असून चालवले जाते, आणि हे सारे लादीसाठी. याला निष्काळजीपणा म्हणणे हा सौजन्याचा अतिरेक होईल.

पावलांची नित्य पाहणी करणारी व्यक्ती तेथे एकच, लादी पुसणाऱ्या मावशी. ओल्या ठशांवरून कोणाचा पाय फरफटतो, कोणाच्या ठशात अंगठा नाही, हे त्या सांगू शकतात. त्यांचे मत जमेस धरले तर काप्पा निदान काढता येईल, पण केसपेपरवर त्यांच्यासाठी रकाना नाही.